नेपाळच्या विमानप्रवासासाठी कोणते ओळखपत्र न्यावे?

भारतीय नागरिकांना नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. मात्र व्हिसा नको म्हणजे कागदपत्रेच नकोत, असा समज करून घेऊ नये. विमानाने काठमांडूला जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीजवळ वैध पासपोर्ट किंवा भारतीय निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात असावे. देशांतर्गत विमानप्रवासात चालणारे आधार कार्ड या वयोगटाला येथे पुरेसे ठरत नाही, आणि नेमके हेच अनेकांना विमानतळावर पोहोचल्यावर कळते. ६५ वर्षांवरील ज्येष्ठ व १५ वर्षांखालील मुले यांना आधार किंवा अन्य छायाचित्रयुक्त ओळखपत्र चालते. १५ ते १८ वयोगटातील मुलांसाठी पासपोर्ट नसल्यास मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र सुट्टी लागण्यापूर्वीच मागून ठेवावे.