नवऱ्याला आधी शिक्षा झालीय? मग ती कोर्टापुढे आणा

नवऱ्यावरची छळाची केस सीबीएस बसस्थानकाजवळच्या नाशिक कोर्टात असो की निफाडला, आधी बघा की जुन्या केसमध्ये तो खरंच दोषी ठरला होता का, कारण नुसती एनसी (पोलिसांतली अदखलपात्र तक्रार) किंवा मिटवलेली केस असेल तर तिला जुनी शिक्षा म्हणून धरत नाहीत. ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर) नावाने शोधा, केस नंबर घ्या, नक्कल विभागात अर्ज टाकून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा. वडलांचं नाव, पत्ता नीट जुळवा, तोच माणूस आहे हेही सिद्ध करावं लागतं बरं का! शिक्षेवरच्या सुनावणीआधीच ती कॉपी सरकारी वकिलांकडे द्या. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ८५, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ, याची ३ वर्षांची कमाल शिक्षा त्यामुळे वाढत नाही, पण 'पहिलाच गुन्हा आहे साहेब' हे रडगाणं बंद होतं.