चिमणीघराचं किट जोडताना या चुका टाळा

कवेलूची, म्हणजे कौलांची, घरं होती तोवर चिमणीला कोणी पेटी टांगून दिली नाही. कवेलूखालच्या सांदीत तिची सोय आपोआप व्हायची. मग स्लॅब आले, टिना आल्या, सांदी बुजल्या, आणि चिमणीघराचं किट घरात आलं. 20 मार्चचा चिमणी दिवस जवळ आला की ते एका संध्याकाळी जोडलं जातं, त्याच रात्री रंगवलं जातं आणि सकाळी भिंतीवर चढतं. मे महिन्यात आत पाहावं तर कोळ्याचं जाळं. खरं तर पेटी जानेवारीत जोडायची आणि फेब्रुवारी लागता लागता टांगायची. किटसोबतचा कागद लिहिणाऱ्याने आपल्याकडचं 45 अंशांचं ऊन धरलेलं नसतं, ते आपणच धरायचं.

गडद रंग, तोही आतून

सगळ्यात जास्त पेट्या यात वाया जातात. अशीच एक पेटी होती: पाच मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीची, बाहेरून गडद मरून, आणि "आतून उघडं बरं दिसत नाही" म्हणून आतही तोच रंग. टांगली पश्चिमेच्या भिंतीवर, टिनाच्या पडवीला चिकटून. मार्चमध्ये चिमण्यांची जोडी आली, गवत आणि पऱ्हाटीवरचा कापूस ओढून नेला, अंडी घातली. एप्रिलच्या मध्याला मादी दुपारभर भोकातून डोकं बाहेर काढून चोच वासून बसू लागली. चार दिवसांनी जोडी दिसेनाशी झाली. छप्पर काढलं तर चार अंडी जशीच्या तशी, आणि रंगाचा वास अजून गेलेला नव्हता.

चूक एकच नव्हती. गडद रंग ऊन शोषतो, पातळ पाटी ते अडवत नाही, शेजारची टिना वरून झळ देते. छपराखालची हवेची भोकं रंगाने भरून गेली होती, त्यामुळे आतली गरम हवा बाहेर पडायला वाट नव्हती. अंड्याला 40 अंशांच्या वर फार वेळ सोसत नाही. अंडी उबली असती तरी पुढे अडचण होतीच: गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीवर पिल्लाची नखं रुतत नाहीत, त्याला भोकापर्यंत चढता येत नाही.

म्हणून आतून काहीही लावायचं नाही. उलट पुढच्या पाटीच्या आतल्या बाजूला, भोकाखाली, करवतीने बोटभर अंतरावर आडवे चरे मारा. भोकाची कडही कोरीच ठेवा. बाहेर फिकट रंग: पांढरट, मातकट, फिका पिवळा. रंग पाण्यात मिसळणारा, बाहेरच्या भिंतीसाठी मिळतो तो. ऑइल पेंटचा वास आठवडे जात नाही आणि डिस्टेंपर पहिल्या पावसात उतरतो. पहिला हात थोडं पाणी घालून पातळ, चार तासांनी दुसरा. पाटीच्या कापलेल्या टोकांना तिसरा, कारण पाणी तिथूनच शिरतं. रंगवताना हवेच्या भोकांत आगपेटीच्या काड्या खोचून ठेवा. मग आठवडाभर सावलीत. कूलरसमोर ठेवून "लवकर वाळेल" म्हणणारे पुष्कळ. कूलरची हवा ओली असते, रंग चिकटच राहतो.

किटचं छप्पर पातळच असतं. त्याच्यावर अर्धा इंच जाडीचे दोन ठोकळे लावून तुराट्यांची ताटी बसवा. मधल्या फटीतून हवा खेळते. दिसायला गावठी दिसतं, पण थंडावा मिळतो.

आधी रंग, मग फेविकॉल

लहान मुलं सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून रंगवतात, मोठेही तेच करतात. फेविकॉल मग लाकडाला धरत नाही, रंगाला धरतो, आणि पावसाळ्यात रंगासकट सांधा सुटून येतो. रंगवून झालं असेल तर सांध्याची जागा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकूड दिसेपर्यंत खरवडा.

क्रम असा: सगळे भाग फेविकॉल न लावता जुळवून पाहा, गुण्या लावून काटकोन तपासा, मग एकेक सांधा चिकटवा. उन्हाळ्यात कोरडं लाकूड फेविकॉलमधलं पाणी ओढून घेतं, पंख्याखाली वर साय धरते. सगळ्या कडांना एकदम लावून ठेवलात तर शेवटचा सांधा वरवरच धरतो. काम सकाळी करा. साधा पांढरा फेविकॉल पाण्यात टिकत नाही, पाण्यात टिकणारा वेगळा मागून घ्या. सुतळीने आवळून 24 तास हात लावायचा नाही. तेवढाही धीर नसेल तर मातीचं मडकं टांगा.

तळपाटी चारही भिंतींच्या आत बसली पाहिजे. भिंती तिच्यावर उभ्या केल्यात तर भिंतीवरून ओघळलेलं पाणी सांध्यात मुरतं.

बाकीच्या

पातळ पाटीत थेट खिळा ठोकला की ती चिरते. दोन मिलिमीटरचं भोक पाडून तीनचा स्क्रू घाला.

चिमणीला भोक 32 मिलिमीटर. दहाचं नाणं मधोमध धरलं तर चहूबाजूंनी अडीच मिलिमीटर फट राहते. किटचं भोक 45-50 असेल तर साळुंकी घर बळकावते; 32 चं भोक पाडलेली प्लायची चकती वरून ठोका.

भोकाखालची दांडी लावूच नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला बसायला बरी पडते.

तळाला चार कोपऱ्यांत पाच मिलिमीटरची भोकं. किटमध्ये बहुतेकदा नसतातच.

पेटी तारेने झुलती ठेवू नका, भिंतीला स्क्रूने घट्ट बसवा: आठ ते दहा फुटांवर, पूर्व किंवा उत्तर बाजूला, वळचणीखाली. सीलिंग फॅन असलेल्या खोलीत कधीच नाही.

छप्पर चिकटवू नका. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला स्क्रू. पिल्लं उडून गेली, आठवडाभर जोडी फिरकली नाही, की जुनं घरटं काढायचं, ब्रशने झाडायचं, दिवसभर उन्हात ठेवायचं. फिनाइल नको. आत अंडी किंवा पिल्लं असताना स्क्रूला हात लावायचा नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.