मासा तळाशी बसला की आधी थर्मामीटर बघा

माशाचं अंग टँकमधल्या पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, तापलं की श्वास वाढतो. नव्या हौशी माणसाला हा आजार वाटतो आणि तो लगेच निळं औषध ओततो. औषधाच्या बाटलीआधी थर्मामीटरला हात घाला.

गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल यांना 24 ते 27 अंश मानवतात. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत हीटर नसलेला टँक पहाटे 20 च्या आसपास उतरतो. मग मासे तळाशी बसतात, पर अंगाशी मिटून घेतात, दाणा तोंडात घेऊन थुंकतात. तेव्हा खाणं निम्म्यावर आणा. उरलेला दाणा सडून अमोनिया होतो. गारठ्यानंतर काही दिवसांत अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके दिसले, तर तो मात्र खरंच रोग: पांढरे ठिपके.

मे महिन्यात उलटं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांत साडेसात. नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. कल्ले भराभर हलतात, मासे पृष्ठभागाशी तोंड लावून उभे राहतात. 18 ते 22 अंशांत रमणारा गोल्डफिश सगळ्यात आधी धापा टाकतो. फायटर माशावरून मात्र अंदाज बांधू नका, तो एरवीही वर येऊन हवा घेतो. टँकचं झाकण उघडा, दिवा बंद ठेवा, एअर पंप चालू करा, टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. नागपूरच्या कोरड्या हवेत हे छान जमतं, मुंबईच्या दमटपणात कमी. बर्फ थेट टाकू नका.

बरेच मासे दगावतात ते मात्र पाणी बदलताना. 60 × 30 × 30 सेंटीमीटरच्या टँकमध्ये वाळू-दगड सोडून 48 लिटर पाणी धरा. ते 26 अंशांवर आहे आणि नळाचं 18. 12 लिटर बदललंत तर टँक 24 वर येतो, 24 लिटर बदललंत तर थेट 22 वर, तेही दहा मिनिटांत. म्हणून एका वेळी पाव भागच बदला, बादलीत थोडं गरम पाणी मिसळून फरक दोन अंशांच्या आत आणा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं, तेव्हा पहाटे भरून ठेवा. क्लोरीन घालवणारे थेंब दोन्ही ऋतूंत हवेतच. नवा मासा पिशवीसकट पंधरा-वीस मिनिटं तरंगवून मगच सोडा.

हीटर लिटरमागे एक वॅट, म्हणजे या टँकला 50 वॅटचा. बसवताना काचेवरच्या पाण्याच्या खुणेपर्यंत बुडालेला हवा, शक्यतो फिल्टरच्या प्रवाहाजवळ. थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावा, नाहीतर हीटरजवळचंच पाणी मोजाल. बाहेरून चिकटवायची पट्टी काचेचं तापमान दाखवते, तिच्यावर विसंबू नका. पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटं प्लग काढा. तापलेली नळी उघडी पडली की तडकते आणि करंटचाही धोका असतो.

स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट कधीकधी चालू अवस्थेतच अडकतो. नवा हीटर आधी बादलीत, थर्मामीटर टाकून, एक दिवस चालवून बघा.