ओढ्यात ट्राउट सोडायचे असतील तर

अमेरिकेतल्या आमच्या पेन्सिल्व्हेनियात हिवाळा सरता सरता हॅचरीचे, म्हणजे मासे वाढवणाऱ्या केंद्राचे, ट्रक ट्राउट हे थंड पाण्यातले मासे घेऊन ओढ्यांकडे निघतात आणि आम्ही स्वयंसेवक बादल्या घेऊन उभे असतो. नव्याने येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती एकच: पुलावरून मासे ओतू नका. एका डोहात सगळे कोंबले की बगळ्याला आयती मेजवानी मिळते. बादली उचला आणि काठाने चालत जा.

हे मासे सिमेंटच्या हौदात, वरून पडणाऱ्या गोळी-खाद्यावर वाढलेले असतात. माणसाची सावली दिसली की पळायचं सोडून ते जवळ येतात. धारेत उगाच ताकद घालवतात आणि पाण्यातले किडे टिपायला त्यांना वेळ लागतो. म्हणून जागा बघूनच सोडायचं. मोठ्या दगडामागे, पडलेल्या झाडाखाली, काठाच्या मुळांखालच्या कपारीत, एकेका ठिकाणी दोन-तीनच.

त्याआधी थर्मामीटर बादलीतही बुडवा आणि ओढ्यातही. पाच-सहा अंशांचा फरक असेल तर ओढ्याचं पाणी मगाने थोडं थोडं बादलीत मिसळत राहा. घाई नको. बादलीत मासे कमीच घ्या, प्राणवायू भराभर संपतो. हात लावायचाच झाला तर ओला करून, आणि कल्ल्यांना अजिबात नाही. मग बादली पाण्यात आडवी करा, मासा आपला आपण बाहेर पडू दे. कुशीवर कलंडला तर तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा. कल्ले एका लयीत हलू लागले, शेपटीने हाताला झटका दिला, की सोडा.

इथल्या वालुकाश्माच्या डोंगरांत पाण्यात चुना कमी असतो. बर्फ वितळताना पाणी आम्लधर्मी होतं आणि मासे खाली निघून जातात, त्यामुळे पीएच सहाच्या खाली असेल तर थांबा. उन्हाळ्याचाही विचार आत्ताच करा: पाणी वीस अंशांवर गेलं की ट्राउटला त्रास सुरू होतो. हेमलॉकच्या सदाहरित झाडांची सावली किंवा थंड झरा जवळ असलेला पट्टा निवडा.

आणि ओढ्यात रानटी ब्रुक ट्राउट, म्हणजे ट्राउटची इथली मूळ जात, असेल तर कृपा करून तिथे काहीच सोडू नका. मोंटाना राज्याने तर 1974 पासून रानटी ट्राउट असलेल्या नद्यांत हॅचरीचे मासे सोडणंच बंद केलं. मोंटानातल्या मॅडिसन नदीत सोडणं थांबवल्यावर तिथले रानटी मासे वाढले होते. मत्स्य विभागाची परवानगी तर कुठेही लागतेच.

दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट आणि जाळी धुऊन पूर्ण वाळवा, रोग त्यांच्यावरूनही पसरतात.