एकट्याने सॉफ्टवेअर विकायचंय? आधी बिलिंग नीट बसवा

कोड येतो म्हणून धंद्यात उतरलेले बरेच जण बिलिंगपाशी अडखळतात. लॉगिनच्या पानाचे रंग ठरवत बसण्याआधी पैसे कसे येणार ते बघा.

दरमहा आपोआप पैसे कापायचे असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार साधारणपणे 15,000 रुपयांपर्यंतच ओटीपीशिवाय कापता येतात, आणि ग्राहकाला किमान 24 तास आधी सूचना जाते. ती बघून काही जण वर्गणी बंदच करतात. दुकानदार, क्लासवाले यांना सरळ वार्षिक योजना विका.

रेझरपेला (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) रक्कम पैशांत द्यावी लागते: 999 रुपये म्हणजे 99900. डेटाबेसमध्येही पूर्णांकच ठेवा, नाहीतर जीएसटीच्या बेरजेत पैसा इकडचा तिकडे होतो. वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा रेझरपेकडून तुमच्या सर्व्हरला येणारा निरोप, एकदाच येईल असं धरू नका. सर्व्हरने उत्तराला उशीर केला की तोच पुन्हा येतो आणि ग्राहकाची मुदत दोनदा वाढते. आधी सिग्नेचर तपासा (निरोप खरंच रेझरपेचा आहे ना), मग त्या निरोपाचा इव्हेंट आयडी डेटाबेसच्या युनिक कॉलममध्ये टाका, म्हणजे तो दोनदा शिरणार नाही. आयडी आधीच असेल तर 200, म्हणजे ‘मिळालं’ हा कोड, पाठवून मोकळे व्हा.

सगळ्यांत चिवट घोळ वेळेचा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर असतो. 1 एप्रिलला पहाटे 2 वाजता कोणी पैसे भरले, तर तिथे 31 मार्चचे रात्रीचे 8:30 वाजलेले असतात, आणि बिल जातं गेल्या आर्थिक वर्षात! तारीख काढण्याआधी वेळ भारतीय करून घ्या. जीएसटी बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त 16 अक्षरी आणि सलग हवा, म्हणून तो पेमेंट यशस्वी झाल्यावरच द्या. आधी दिलात तर फसलेल्या व्यवहारांच्या जागी मालिकेत भोकं पडतात.

महाराष्ट्रात सेवा विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी झाली आणि परदेशी ग्राहक असले, तर दर आर्थिक वर्षासाठी नवा एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरा. मार्चअखेरच्या गडबडीत तो हमखास राहतो.

बॅकअप रोज, आणि दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर. महिन्यातून एकदा तो रिकाम्या मशीनवर उतरवून बघा. डिस्क भरलेली असली किंवा पासवर्ड बदललेला असला, तर पीजी-डंप (पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप काढणारा प्रोग्राम) शून्य बाइटची फाइल सोडून जातो आणि त्याला रोज ठरल्या वेळी चालवणारा क्रॉन निमूट चालत राहतो. फाइलचा आकार कालच्यापेक्षा निम्मा झाला तर स्वतःला मेल जाईल असं करा.

सपोर्टला व्हॉट्सॲप बिझनेसचा वेगळा नंबर ठेवा, वेळ 11 ते 6. ‘पावती कुठे मिळते?’ असं तिघांनी विचारलं, की उत्तरं टाइप करत बसण्यापेक्षा पावतीचं बटण पहिल्या स्क्रीनवर आणा.