गॅस्ट्रोस्कायसिसचं अपुऱ्या दिवसांचं बाळ: दूध पाजताना या चुका टाळा

बेंबीच्या उजव्या बाजूला पोटाला भोक राहून आतडी बाहेर आलेली, म्हणजे गॅस्ट्रोस्कायसिस झालेली बाळं बरेचदा दिवस भरायच्या आधीच जन्मतात. ऑपरेशन होतं, आतडी आत जातात आणि घरचे लगेच विचारतात, "आता दूध कधी?" ही घाई मला समजते. पण महिनोन्‌महिने गर्भजलात उघडी राहिलेली आतडी सुजून जाड झालेली असतात, दूध पुढे सरकवायला ती वेळ घेतात. पूर्ण दूध पचायला तीन-चार आठवडे लागणं नेहमीचंच. आतड्याचा एखादा भाग जन्मतः बंद असेल, तर त्याहून जास्त. तोवर पोषण शिरेतून चालू असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक आईकडून होते, तीही कुणी वेळेवर न सांगितल्यामुळे. "बाळ पीतच नाही, मग दूध काढून काय करू?" असं म्हणून ती थांबते. मग बाळ प्यायला तयार होतं तेव्हा दूध आटलेलं असतं. या आतड्यांना आईच्या दुधाइतकं दुसरं काही सोसत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून चोवीस तासांत आठ वेळा दूध काढा, त्यात एकदा तरी रात्री. चिकाचे चार थेंब आले तरी टाकू नका. कापसाच्या बोळ्याने ते बाळाच्या गालाच्या आतून लावता येतील का, हे सिस्टरना विचारा. दूध कमी पडलं तर मिल्क बँकेची, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध देणाऱ्या बँकेची, चौकशी करा. मुंबईत सायन हॉस्पिटलची बँक १९८९पासून आहे.

दुसरी चूक म्हणजे शेजारच्या काचपेटीतल्या बाळाशी तुलना. दोन किलोच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी नळीतून जेमतेम दोन-तीन मिली दूध मिळतं. मध्येच पोट फुगतं, नळीतून हिरवं पाणी येतं आणि दूध एखादा दिवस बंद होतं. असं दोन-तीनदा झालं तरी धीर सोडू नका, आणि "थोडं वाढवा ना" म्हणून डॉक्टरांच्या मागेही लागू नका. आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका खरा आहे.

साधारण चौतीस आठवड्यांआधी चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ नीट बसत नाही. तोंडाने पाजायची घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. पण तोंड अगदी रिकामंही ठेवू नका, नाहीतर पुढे बाळ तोंडाजवळ काही आणलं तरी मान फिरवतं. डॉक्टरांनी हो म्हटलं की छातीशी धरा, दूध काढून घेतलेलं स्तन चोखू द्या.

ऑम्फॅलोसील हा याच्यासारखाच दुसरा जन्मदोष, पण त्यात आतडी बेंबीतूनच बाहेर येतात आणि पिशवीत झाकलेली असतात, म्हणून ती बहुधा लवकर चालू लागतात. मात्र पिशवी मोठी असेल तर फुप्फुसं कमजोर असू शकतात आणि पिताना बाळाला धाप लागते. अशा बाळाची जीभ मोठी असेल तर रक्तातली साखर उतरू शकते, तिच्यावर लक्ष हवं.

घरी आल्यावर आजीची माया गुटी, मध, ग्राइपवॉटर आणि पोट चोळण्यातून दिसते. आजींना प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. दुधाची गुळणी आली तर घाबरायचं कारण नाही. हिरवी उलटी मात्र एकदाच झाली तरी थांबू नका. या बाळांची आतडी पोटात नेहमीच्या जागी बसलेली नसतात, त्यामुळे पीळ पडू शकतो. दूध बंद करा, डिस्चार्ज कार्ड घ्या आणि लहान मुलांचे सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.