हजेरीपटातली दिवाळी ते होळी

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास भरायचे असतात. ते शाळेच्या भिंती रंगवण्यात घालवू नका. जिल्हा परिषदेची एकच शाळा धरा आणि आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास जा. तीस आठवड्यांत हिशोब पुरा होतो. शाळा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची असेल तर पहिली फेरी दिवाळीआधीच मारा. सात दिवसांचं शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीत लागतं आणि तोवर पुष्कळ घरं ऊसतोडीला निघून गेलेली असतात. मग मागं उरलेल्या मुलांवरून गावाचा अहवाल लिहिला जातो. सगळ्यात मोठी चूक हीच.

मुख्याध्यापकांना विचारून हजेरीपट बघा, गेल्या वर्षीचाही मागा. दिवाळीनंतर कुणाची नावं गळतात, होळीला कोण परततं? जळगाव-धुळ्याच्या कापूसपट्ट्यात वेचणीच्या दिवसांतले खाडे मोजा, मोठ्या मुलींचे वेगळे. वेचणीची मजुरी किलोवर असते. आई शेतात जास्त वेळ थांबली तर चार पैसे जास्त, मग धाकट्याला घरी कोण सांभाळणार? एवढं कळलं की 'पालकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही' असं लिहायला हात धजत नाही.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडं आपला तर्क. पोषण आहारात पाचवीपर्यंत प्रत्येकी 100 ग्रॅम तांदूळ असतो, सहावी ते आठवीला 150. पंगतीत बसून जेवा. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी परत कोण मागून घेतं, पाणी कोण भरतं, कुणाशेजारची जागा रिकामी राहते, ते डावीकडं लिहा. जात विचारू नका. 'वडील काय करतात?' हेही भरवर्गात नको.

गप्प बसलेल्या मुलाला मठ्ठ ठरवण्याआधी तेच गणित दोनदा घाला. एकदा पुस्तकी मराठीत, एकदा मोठ्या वर्गातल्या मुलाकडून पावरीत किंवा भिलीत, म्हणजे तिकडच्या आदिवासी मुलांच्या घरच्या बोलीत. दोन्ही उत्तरं नोंदवा. अहिराणी पट्ट्यात 'तुनं नाव काय शे?' एवढ्यानंही पोरं बोलती होतात.

बाहेरगावी निघालेल्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं, ते दाखवून मुक्कामाच्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून. ते भरताना शिक्षकांना मदत करा आणि मुक्कामाचं गाव घरच्यांना विचारून नीट लिहा. नुसतं 'गुजरात' लिहिलं तर पोर पुढं सापडत नाही. तिकडची शाळा गुजरातीतून भरते, म्हणून ज्यांचे आजी-आजोबा गावातच राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आई-बाप बाहेर असताना मुलांची गावातच सोय करणाऱ्या योजनेची, चौकशी दिवाळीच्या सुटीआधी करून ठेवा.